अर्ध्या विटांची भिंत

फार पूर्वी, कासवं माणसांशी बोलत त्या काळातली ही गोष्ट.

एका तळ्याकाठी एक गवंडी स्वतःसाठी घर बांधत होता. हात असा साफ, की त्याच्या भिंतीवरून मुंगीही न अडखळता चालावी. भिंतीच्या टोकाला अर्धी वीट लागली, की तो थापीच्या एका घावात नवी वीट तोडी. अर्धी भिंतीत बसे, अर्धी पाठीमागे तळ्यात जाई. डुबुक!

"अहो, उरलेली अर्धी पुढच्या थराला लावा ना," त्याची बायको म्हणे. तिला आठवा महिना लागला होता.

"तुकडे जोडायला मी काय गोधडी शिवतोय?" तो हसे. डुबुक!

बघता बघता तीन भिंती उभ्या राहिल्या आणि विटा संपल्या. पश्चिमेची बाजू उघडीच राहिली. तिथून तळ्यावरचं धुकं आत शिरे आणि पाहुण्यासारखं चुलीपाशी येऊन बसे.

भट्टीवाला म्हणाला, "मातीच्या खाणीत अजून पाणी आहे, बाबा. आता विटा संक्रांतीनंतरच."

बाळ तर त्याआधीच येणार होतं.

त्या संध्याकाळी गवंडी काठावर बसून राहिला. तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. त्या दोन्हींच्या मधून एक म्हातारी कासवीण हळूच वर आली.

"काय रे गवंड्या, घर कुठवर आलं?"

"एक भिंत राहिली, आजी. विटा नाहीत."

"नाहीत कशा? माझ्या वाटेत पडल्यात की! अंडी घालायला वाळूवर चढते मी, ती वाटच तू बुजवलीस. तुझ्या बाळाला भिंत हवी, माझ्या पिल्लांनी कुठे जन्मायचं?"

गवंड्याने पाण्यात हात घातला. हाताला अर्धी वीट लागली. मग आणखी एक. तो गुडघाभर पाण्यात उतरला.

सकाळी बायको काठावर बसून विटांवरचं शेवाळ पुसत होती.

"बऱ्या भिजल्यात," तो पुटपुटला. "लावण्याआधी भिजवाव्या लागतातच."

"गोधडी शिवताय वाटतं?"

त्याने मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

अर्धीला अर्धी लागत भिंत वर चढली. बारीक तुकडेही त्याने जमिनीखाली भरावाला ठोकले. धुकं आता बाहेरच थांबू लागलं.

ज्या पहाटे घरात बाळ रडलं, त्याच पहाटे भिंतीपलीकडे कासवीण मोकळ्या वाटेने वाळूवर चढत होती.

तात्पर्य: आपण टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याची वाट अडवते आणि आपल्याच घरात कमी पडते.