लसूणघासाचा ठराव

फार जुनी गोष्ट. टेकडीवरच्या शेळ्यांची सभा बाभळीखाली भरायची. जिला ठराव मान्य नसेल तिनं मोठ्यानं "बेंऽऽ" करायचं. जी गप्प राहील तिचा होकार. भुरी शेळी या सभेची पंच. आपल्या बेंऽऽला लांडगासुद्धा बिचकतो, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

एकदा एक कोल्हा आला. म्हणाला, "भुरीताई, खालचं कुरण मला द्या. त्याला कुंपण घालतो, सगळ्यांना काम देतो. फक्त कुंपणाच्या आत तुमच्या सभेचे नियम नकोत."

भुरीला दाट शंका आली. पण सभेआधीच कोल्ह्यानं प्रत्येकीपुढे कोवळ्या लसूणघासाची पेंढी टाकली. ठराव वाचला तेव्हा सगळ्यांची तोंडं भरलेली. भुरीलाही बेंऽऽ करायचं होतं, पण तिनं विचार केला, एवढा घास गिळते आणि मग करते. तोवर ठराव एकमतानं मंजूर झाला.

शेळ्यांना काम मिळालं: गवत वाहायचं, खायचं नाही. कुंपण मात्र रोज थोडं थोडं वर सरकायला लागलं. एक दिवस बाभूळही आत गेली आणि लसूणघास बंद झाला.

भुरीनं तातडीनं बाभळीखाली सभा बोलावली. रिकाम्या तोंडांनी सगळ्या एकदम ओरडल्या, "बेंऽऽ!" टेकडी दणाणली.

कोल्ह्यानं अगदी कौतुकानं ऐकून घेतलं. "काय खणखणीत आवाज आहे, ताई! पण कुंपणाच्या आत बेंऽऽ म्हणजे नुसतं बेंऽऽ."