खारबांधावरचा मर्जान

फार वर्षांमागची गोष्ट. खाडीकाठच्या कोळवण्यात मर्जान नावाचा एक हबशी गुलाम होता. तो दर्यापारच्या हबसाणातून आला, असं म्हणतात. कुणी म्हणतात, त्याहूनही दूरच्या बेटावरून. गावच्या देसायांनी त्याला बंदरावर विकत घेतलं, एवढं मात्र सगळेच सांगतात. मर्जान हे नाव विकणाऱ्यानं ठेवलेलं. आईनं काय ठेवलं होतं, ते कुणाला ठाऊक नाही.

खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावानं मातीचा बांध घातला होता. त्यातला लाकडी दरवाजा मर्जान सांभाळायचा.

भादव्यातल्या एका अवसेला, भर दुपारी असं उधाण आलं की दरवाजा निखळला. बांधाखाली चाळीस घरांची वाडी होती. तिकडे धक्क्यावर देसायांचं भरलं गलबत दोर तोडू लागलं. देसायांनी मर्जानला गलबत धरायला जायला सांगितलं.

मर्जाननं निखळलेला दरवाजा पाठीवर घेतला, बांधाच्या खिंडारात उभं राहून पाय चिखलात रोवले आणि म्हणाला, "नाही, धनी."

तो शब्द तो जन्मात पहिल्यांदा बोलला, असं म्हणतात.

गलबत गेलं. पाणी मर्जानच्या छातीला लागलं, मग गळ्याला. वाडी टेकडीवर चढली. सगळ्यांच्या मागून गेलेल्या येसू म्हातारीनं वरून हाक दिली, "बाबा, आम्ही सगळी पोचलो. आता तू ये." तो हसला, पण हलला नाही. ओहोटी लागली तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता, तरी तो उभाच होता. दहा जणांच्यानंही त्याचे पाय चिखलातून निघेनात.

त्याचा धर्म कधी कुणी विचारलाच नव्हता. मग न्यायचं कुठे? येसू म्हणाली, उभा राहिला तिथंच ठेवा. तिथंच थडगं झालं.

कैक पिढ्यांनी बांध सरळ करायला मोजणीदार आले. दगडावर अक्षर नाही, दप्तरात नोंद नाही. ते म्हणाले, इथं खरंच कुणी आहे कशावरून?

येसूची खापरपणती गुणाई पुढे झाली. "आम्ही आहोत ना," ती म्हणाली, "त्यावरून."

वाडीनं आपल्या शेतांच्या पट्ट्या सोडल्या आणि बांध थडग्याला वळसा घालून गेला. आजही तो तिथं वाकडाच आहे.

दर भादव्यातल्या अवसेला घरटी एक पाटी माती त्या थडग्यावर पडते. देसायांच्या घरचीही. त्या दिवशी गडी पाठवायचा नाही. ज्यानं त्यानं आपली पाटी आपल्या डोक्यावरून आणायची.