सावरीच्या घरी रान आलं

डोंगराच्या सावलीकडच्या कुशीत एक इवलंसं घर होतं. तिथे सावरी नावाची मुलगी आईबरोबर राहायची. बाबा कामासाठी घाट उतरून गेले होते, ते थंडी सरल्यावर परतणार होते. त्या वर्षी थंडी अशी पडली की गवतावरचं दव गोठून पांढरं व्हायचं आणि धुकं दुपारपर्यंत हलायचं नाही. घरात उन्हाचा कवडसासुद्धा येईना. हळूहळू आईचं हसू मावळलं. मग बोलणं मावळलं. ती भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहायची.

सावरी नाचणीची पेज करून तिला भरवू बघायची. "दोन घोट घे ना गं आई!" आई नुसती मान हलवायची. आज तर तिने मानही हलवली नाही.

आईला एखादं फूल तरी नेऊन दाखवावं, म्हणून विरलेली चादर पांघरून सावरी रानात धावली. रान सगळं करडं पडलं होतं. शोधता शोधता एका खडकाच्या आडोशाला तिला सोनकीचं पिवळंधमक फूल दिसलं. अख्ख्या रानात एकच! तिने हात पुढे केला आणि तशीच थांबली. फुलावर एक चिमुकली मधमाशी गारठून बसली होती.

"बस हो तू," सावरी पुटपुटली. "तुला तरी दुसरं कुठे काय आहे?" आणि डोळे पुसत ती मागे वळली.

तोच फुलातून सोनेरी परागांचा फवारा उडाला आणि त्यातून एक बोटभर परी बाहेर आली! तिचे पंख नेच्याच्या पानासारखे हिरवे, नाजूक होते आणि झग्यावर दवाच्या टिकल्या लुकलुकत होत्या.

"सावरी, एक इच्छा माग."

"परीताई, माझ्या आईसाठी रान आमच्या घरात येईल?"

परी गंभीर झाली. "येईल. पण नीट ऐक. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत दार सताड उघडं ठेवायचं. दारात जो येईल त्याला 'या' म्हणायचं. एकालाही नाही म्हणालीस, तर आलेलं सगळं निघून जाईल. मग मलाही ते परत आणता येणार नाही."

"रानातल्या कुणाला मी कशाला नाही म्हणू?" सावरी म्हणाली. परीला खांद्यावर बसवून ती घरी पळाली.

तिने दार उघडलं. बोचरा वारा आत घुसला. आई कुडकुडली, तशी सावरीने आपली चादर तिच्या गोधडीवर घातली आणि स्वतः उंबऱ्यात उभी राहिली. आधी आलं मऊ मऊ शेवाळ. "या!" मग आले कुरळे नेचे आणि निळ्या फुलांची वेल. "या, या!" भिंती हिरव्या झाल्या. जांभळी फुलपाखरं आली, आणि एक चिमणा शिंजीर पक्षी वेलीवर झोके घेत शीळ घालू लागला. आईची पापणी हलली!

एवढ्यात शिंजीर एकदम गप्प झाला. फुलपाखरांनी पंख मिटले. बाहेर सुकी पानं चुरचुरली.

दारात बिबट्याची मादी उभी होती. तिचे पिवळे डोळे सावरीवर खिळले होते.

सूर्य अजून बोटभर वर होता. "परीताई... हिलाही?" सावरीने कसंबसं विचारलं.

"दार लोटायचं असेल तर लोट, बाळ. मी रागावणार नाही."

सावरीचा हात दारावर गेला. तेवढ्यात तिला दिसलं, मादीच्या तोंडात एक पिल्लू होतं. भिजलेलं, लुळं पडलेलं. सावरीने हात मागे घेतला. दारातून बाजूला सरत ती म्हणाली, "या... या, बिबट्यामावशी."

बिबट्याची मादी आत आली.

"सावरी!"

कितीतरी दिवसांनी आईचा आवाज! आई ताडकन उठली आणि तिने सावरीला पाठीशी ओढलं. मादी गुरगुरली. कुणी हलेना. मग मादीने पिल्लू अलगद चुलीपाशी ठेवलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

आईने पिल्लाकडे पाहिलं. मग त्याच्या आईकडे पाहिलं. "गारठलंय गं लेकरू," ती हळूच म्हणाली. तिने आपली गोधडी पिल्लावर पांघरली. "सावरी, चुलीत लाकूड सार. लवकर!"

जाळ फुलला. पिल्लू निपचित होतं. दोन्ही आया टक लावून बसल्या. आणि मग गोधडीखालून बारीकसं "म्यांव" आलं! मादीने पिल्लाला चाटून चाटून कोरडं केलं, तोंडात धरलं आणि आली तशी ती रानात निघून गेली.

सूर्य डोंगराला टेकला.

"घाबरलीस, तरी दार लोटलं नाहीस," परी म्हणाली. "आता हे रान तुमचंच. दर थंडीत तुमच्या घरी फुलेल." तिने सावरीच्या गालावर इवलासा पापा दिला. शेवटचा किरण दारातून आत आला, घर सोन्यासारखं उजळलं, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

आई खोलीभर बघत राहिली. मग पदर खोचत म्हणाली, "अगं, एवढे पाहुणे बोलावलेस आणि कुणाला पाणी नाही विचारलंस?"

आणि तांब्या घेऊन ती नेच्यांना पाणी घालायला लागली.