धुरपदेची शाळा सुटली

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते बोरपाणच्या म्हाताऱ्यांना विचारू नका. प्रत्येक जण वेगळं सांगेल आणि वर आपसांत भांडेल. पण तेव्हा गावात धुरपदा नावाची सुईण होती आणि जुनी शाळा ओस पडली होती, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे.

शाळा काळ्या दगडाची. पुराचं पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच, पुढे लाकडी खांबांची ओसरी, वर कौलं. गावाने रस्त्याकडेला नवी शाळा बांधली, मुलं तिकडे गेली. मागे राहिली ती घंटा, म्हणजे ओसरीत टांगलेला रुळाचा एक लांब तुकडा. तिचा आवाज शिवारभर जायचा, म्हणून नवी शाळाही तिच्यावरच भरायची नि सुटायची.

धुरपदा लहान असताना मुलींना त्या शाळेत घेत नसत. आता अडवायला कोणी नव्हतं, म्हणून ती रोज आत जाऊन बघायची. खिडक्या एवढ्या उंच का, हे कोडं तिला सुटत नव्हतं. गुरुजी म्हणाले, मुलांनी बाहेर बघू नये म्हणून. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, चोरांसाठी. दुसरा म्हणाला, गवंड्याचं माप चुकलं. शेवटी धुरपदा सरळ फरशीवर उताणी पडली. वारा अंगावरून न जाता डोक्यावरून जात होता. उजेड होता, पण बाहेरून कुणाला आतलं दिसत नव्हतं.

“हे तर आडव्या पडल्या बाईसाठीच बांधलंय,” ती म्हणाली, असं म्हणतात.

कारण बोरपाणमध्ये बायका बाळंत व्हायच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. दार लावलेलं, आत शेगडीचा धूर, खिडकी नाही. हैबतराव पाटलांची थोरली लेक त्याच खोलीत, धुरपदेच्या हातावर गेली होती. आता धाकटी तुळसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तीच खोली सारवून ठेवली होती.

धुरपदेने पंचांकडे जुनी शाळा मागितली. पंच हादरले. विद्येच्या जागेत विटाळ? आणि त्याच बैठकीत त्यांनी ती विद्येची जागा पाडून दगड देवळाभोवतीच्या भिंतीला लावायचं ठरवलं. पाटलांनी हुकूम सोडला: उद्या शाळा सुटल्याची घंटा झाली, की पहिली पहार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळसाला कळा सुरू झाल्या. पाटलीणबाईंनी मागचं दार उघडलं. धुरपदा पोरीला धरून परसातून जुन्या शाळेत घेऊन गेली आणि तिने आतून कडी लावली.

ऊन कलल्यावर पाटील माणसं घेऊन आले आणि ओसरीखाली पहारी टेकून बसले. भिंती हातभर जाड, आतलं कण्हणं बाहेर येत नव्हतं. खांबाची सावली पायरीला टेकली, की दगडू शिपाई शाळा सुटल्याची लांब घंटा द्यायचा. त्या दिवशी सावली पायरीपासून बोटभर अलीकडे आली आणि तिथेच थांबली. दगडू हातोडा उचलून उभा तो उभाच. असं म्हणतात, सूर्य पश्चिमेच्या खिडकीत अडकून बसला होता. नव्या शाळेत पोरांचे सगळे पाढे संपले, मग ती उलटे म्हणू लागली.

पाटील वैतागले. “सुटली का रे?”

“अजून न्हाई,” वरच्या खिडकीतून आवाज आला.

दगडूने तोंडही उघडलं नव्हतं. पाटलांनी इकडेतिकडे बघितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.

“न्हाई म्हटलं ना. तुमच्या घाईनं सुटंल व्हय?”

सावली तशीच. पाटलांनी तो आवाज ओळखला. पोरीला कळा लागल्याचं घरून निघताना कानावर आलं होतं; सुईण इथे, म्हणजे पोरही आतच, हे ध्यानात आलं तसे ते उठले आणि खांबाला धरून उभे राहिले. थोरलीच्या वेळी ते असेच दाराबाहेर उभे होते. पुढचा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला. “धुरपदे... सुटली का?”

आतून आधी बाळ रडलं.

“सुटली, पाटील. दोघं बी खुशाल हायेत.”

त्या क्षणी सावली पायरीला टेकली आणि दगडूच्या हातातला हातोडा आपोआप रुळावर पडला, असं म्हणतात. नव्या शाळेतून पोरं ओरडत पळाली.

पंच मात्र भडकले. सगळ्यात म्हाताऱ्या पंचाने कपाळावर हात मारला: दगडांना बाळंतपणाचं सुवेर लागलं, आता देवळाला चालायचे नाहीत.

“मग दहा दिवस थांबा. फिटंल,” धुरपदा आतून म्हणाली.

ते थांबले. नवव्या दिवशी कुंभारवाड्यातली एक बाई पोट धरून पायऱ्या चढली. तिचं सुवेर फिटायच्या आत तिसरी आली. पंच दिवस मोजत म्हातारे झाले, पण ते दगड दहा दिवस मोकळे असे कधी मिळालेच नाहीत. देवळाला आजही काट्यांचं कुंपण आहे.

जुन्या शाळेत आता गावचं बाळंतपणाचं घर आहे. तिथे बाई मोकळी झाली, की दुपार असो की सकाळ, लांब घंटा होते. आणि नव्या शाळेत कुठलाही तास चालू असो, पोरं दप्तरं उचलतात. बदलून आलेले मुख्याध्यापक पहिल्यांदा दारात आडवे उभे राहतात. पोरं त्यांच्या बगलेखालून जाता जाता सांगतात, “गुरुजी, सुटली.”