फ्रीजसमोरची चप्पल

फार पूर्वी घरातल्या वस्तू बोलायच्या. माणसं तेव्हाही ऐकायची नाहीत.

त्या काळी यमुताई सोनटक्क्यांच्या फ्रीजला हात लावला की शॉक बसायचा. म्हणून त्याच्यासमोर एक रबरी चप्पल कायम ठेवलेली असायची. ती पायात घालूनच सगळे दार उघडायचे.

एकदा कंपनीचा फोन आला. "तुमच्या फ्रीजमध्ये दोष आहे. आम्ही घेऊन जातो, फुकट दुरुस्त करून देतो."

"ऐन आंब्याच्या दिवसांत? नको हो," यमुताई म्हणाल्या. "चांगला चाललाय. चप्पल घातली की काही होत नाही."

चप्पल फुशारली. "ऐकलंस? या घराला मी राखते."

"घराला नाही, मला राखतेस," फ्रीज म्हणाला. "तू नसतीस, तर यांनी मला केव्हाच दुरुस्तीला धाडलं असतं."

"जळतोस माझ्यावर!" चप्पल म्हणाली.

सुट्टीत यमुताईंची नात मृण्मयी आली. आंघोळ करून ओल्या पायांनीच ती आंबा घ्यायला धावली. चप्पल तिला फार मोठी होती, म्हणून तिने ती घातलीच नाही. दाराला हात लागताच ती भिंतीवर फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत.

घरात रडारड झाली. सगळ्यांनी कंपनीला शिव्या घातल्या.

मग यमुताई बाजारात गेल्या आणि फ्रीजसमोर आणखी एक चप्पल आली, लहान मापाची.