हिरव्या लुगड्याचा तुकडा

जहागीरदारांना नातू झाला, तेव्हा सुनेनं जुन्या पेटीतले कपडे देऊन भिवराबाईकडून बाळासाठी गोधडी शिवून घेतली. बारशाच्या दिवशी भिवराबाईनं ती पाळण्यात अंथरली आणि आबासाहेब जहागीरदारांचा आवाज चढला.

"माझ्या नातवाच्या अंगाखाली चिंध्या नकोत. उचल ती."

सुनेची मान खाली गेली. गोधडीत भिवराबाईचे तीन आठवड्यांचे टाके होते, तरी ती रागावली नाही. तिनं कनवटीची कात्री काढून आबासाहेबांपुढं धरली.

"यातली चिंधी तेवढी तुम्हीच कापून द्या, सरकार. हा जरीकाठ तुमच्या लग्नातल्या उपरण्याचा. मधलं हिरवं लुगडं आईसाहेबांचं. तुम्ही जन्मलात तेव्हा माझ्या आईनं, तुमच्या सुइणीनं, तुम्हाला यातच गुंडाळून त्यांच्या कुशीत दिलं होतं. कुठून कापता?"

आबासाहेबांनी कात्री घेतली. हिरव्या तुकड्यावरून बराच वेळ बोट फिरवलं. मग कात्री परत देऊन त्यांनी स्वतःच बाळाला गोधडीवर निजवलं.

भिवराबाई निघाली, तेव्हा ते तिच्यामागोमाग दारापर्यंत आले. "त्या लुगड्याचा तुकडा उरलाय का गं? माझ्या उशीपुरता?"

"उरलाय, सरकार," भिवराबाई हसून म्हणाली. "पण चिंधीच आहे."