पहिली घागर परक्याची

सांगरवेळच्या खाडीवर जी लहानशी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर गोरखचिंचेचे एकच झाड उभे आहे. खोडाला वेढा घालायला अकरा माणसे लागतात. वर्षातले सात-आठ महिने त्यावर पान नसते. त्या दिवसांत फांद्या आभाळात मुळांसारख्या पसरलेल्या दिसतात, आणि झाड कुणी उपटून उलटे रोवले असावे असा भास होतो. खोड आतून पोकळ आहे. फांद्या जिथे फुटतात तिथे फणसाच्या लाकडाचे झाकण बसवलेले आहे. बुंध्याभोवती, माडाला असते तसे, पण त्याच्या चौपट मोठे आळे आहे.

झाड दाखवायचे काम हिराजी ठाकूर करतात. वय शहात्तर, आवाज खणखणीत. आलेल्या पाहुण्यांना ते आधी तांब्याभर पाणी देतात आणि ते पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. झाडाचे वय विचारले तर म्हणतात, "पोकळ माणसाचं आणि पोकळ झाडाचं वय विचारू नये. दोघंही वाढवून सांगतात." हे विधान निदान झाडापुरते शास्त्राला धरून आहे: खोडाचा गाभाच नसल्याने वर्तुळे मोजून वय काढता येत नाही. ही जात मूळची आफ्रिकेची, याविषयी मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांत दुमत नाही. ती समुद्रावरून व्यापाऱ्यांबरोबर आली की हबशी शिपायांबरोबर, हे कुणी पैजेवर सांगू शकत नाही. सांगरवेळला त्याची फिकीरही नाही. झाड कसे आले यापेक्षा झाडाला ओळखणारी बाई कशी आली, ही गावाची खरी आख्यायिका आहे. हिराजी ती अशी सांगतात.

फार वर्षांमागे, किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत हबशी सरदार नांदत होते तेव्हा, मर्जानबी नावाची एक हबशीण वाळूतून चालत या गावी आली. तिचा सगळा जन्म एका सरदाराच्या मुदपाकखान्यात गेला होता. मरताना त्याने तिला मोकळे केले, पण मोकळ्या माणसाने जायचे कुठे हे काही सांगितले नाही, म्हणे. टेकडीवरचे निष्पर्ण झाड तिला दुरून दिसले. ती चढून वर गेली, तिने खोडाला गाल लावला आणि ती हुंदके देऊन रडली. गुरे वळणाऱ्यांनी गावात येऊन सांगितले की एक वेडी हबशीण नाथांच्या झाडाला मिठी मारून बसली आहे.

ती वेडी नव्हती. नऊ वर्षांची असताना तिला तिच्या मुलखातून उचलून आणले होते. तिथली भाषा ती विसरली होती आणि आईचा चेहराही पुसट झाला होता. पण या सालीचा गुळगुळीत, गार स्पर्श तिच्या गालाने जपून ठेवला होता. एवढ्या समुद्रापलीकडे आपल्या ओळखीचे कुणीतरी आपल्याआधी येऊन उभे आहे, असे तिला वाटले. तिने झाडाजवळच झोपडी बांधली. सालीच्या पट्ट्या सोलून ती दोर वळी आणि कोळ्यांना देई. दोर चिवट होते, म्हणून गाव तिला सहन करी.

तिला सगळ्यांत कमी सहन करणारी बाई होती नागूबाई. ती मासळी विकणारी विधवा होती, आणि तिच्या जिभेला सुरमईच्या सुरीची धार होती. दोराच्या प्रत्येक व्यवहारात दोघींचे भांडण ठरलेले. "हबशीणबाय, हा दोर वळलास की शेवया?" असे नागूबाईने म्हणावे आणि "तुझ्या मासळीपेक्षा ताजा आहे," असे मर्जानबीने उत्तर द्यावे.

तिसऱ्या वर्षी उधाणाच्या भरतीने खाडीचा बांध फुटला. शेतात खारे पाणी शिरले आणि गावाची एकुलती विहीर खारट झाली. पावसाळा निभावला, पण माघ सरताच बायका तीन कोसांवरून पाणी आणू लागल्या. पाटील धाकोजी यांनी गाव बोलावले. एक उन्हाळा कसाबसा काढू, पण पुढच्या उन्हाळ्याआधी गाव उठवावे लागेल, असे ते म्हणाले. तेव्हा मर्जानबी सभेत उभी राहिली. सभेत बोलण्याची तिची ती पहिलीच वेळ.

ती म्हणाली, "माझ्या मुलखात नदी नाही आणि विहीरही नाही. तिथे हेच झाड आतून कोरतात, पावसात भरतात आणि उन्हाळाभर पितात."

सभा हसली. नागूबाई म्हणाली, "झाड पोखरून पाणी! मग माझ्या होडीची डोलकाठी भर, म्हणजे समुद्रावरही तहान भागेल."

धाकोजी हसले नाहीत. "झाड नाथांचं आहे," ते म्हणाले. "त्याला हत्यार लावलं आणि ते वाळलं, तर?"

मर्जानबीने सर्वांना टेकडीवर नेले. दोन वर्षांपूर्वी जिथली साल तिने सोलली होती तिथे त्यांचे हात लावले. तिथे नवी साल आली होती, आधीच्यासारखीच जाड. "हे झाड जखम भरून काढतं," ती म्हणाली. "आतूनसुद्धा. आणि वाळलं, तर मला याच्याच बुंध्याला बांधा आणि मग गाव सोडा."

तिची एकच अट होती. झाकण उघडेल त्या दिवशी पहिली घागर बाहेरच्या माणसाला द्यायची, आणि तो प्याल्याशिवाय गावातल्या कुणी ओठ ओले करायचे नाहीत. कारण विचारले तेव्हा तिने थोडक्यात सांगितले. एका दुष्काळी साली तिच्या गावाने आपले झाड वाटसरूंना बंद केले होते. तहानलेले परत गेले. महिन्याभराने माणसे पकडणारे आले, तेव्हा त्यांना वाट दाखवायला तेच वाटसरू पुढे होते. अकरा मुले नेली. "पाणी नाकारलेला माणूस वाट विसरत नाही," ती म्हणाली. "त्या अकरांत मी होते."

गावाने झाडावर हात ठेवून अट मान्य केली.

होड्या बांधणाऱ्या सुतारांनी लाकूड तासायचे वाकस घेतले आणि फांद्यांच्या बेचक्यातून आत उतरले. लाकूड ओल्या खोबऱ्यासारखे मऊ निघाले. चाळीस दिवस ते कोरत होते. बुंध्याभोवती आळे खणले. पावसाळ्यात आळे तुडुंब भरे, आणि शिडीवर ओळीने उभ्या राहिलेल्या बायका घागरी हातोहात वर देत. पहिले भरलेले पाणी कडवट म्हणून मर्जानबीने सगळेच्या सगळे उपसून टाकायला लावले. त्या दिवशी नागूबाईने तिला ज्या शिव्या दिल्या, त्या हिराजी पाहुण्यांना सांगत नाहीत. दुसऱ्यांदा भरले आणि झाकण लिंपून टाकले. श्रावणात झाडाला नेहमीसारखी पालवी आली. झाड जगले होते.

पुढची अक्षय्य तृतीया उजाडली. त्या दिवशी पाण्याने भरलेला घडा दान करावा असा आपल्याकडे प्रघात आहे, म्हणून धाकोजींनी तोच दिवस नेमला. भर दुपारी सारे गाव रिकाम्या घागरी घेऊन टेकडीवर जमले. झाकण निघाले. दोर खाली गेला आणि पोहरा भरून वर आला. पाणी गार होते आणि आरशासारखे निवळ होते. धाकोजींनी पहिली घागर भरली, दोन्ही हातांत धरली आणि आदराने मर्जानबीसमोर आणली.

"घे, माय," ते म्हणाले. "तुझ्यामुळे गाव राहिलं. बाहेरची तू एकटीच आहेस. तू पी, म्हणजे आम्ही पिऊ."

त्यांच्या मनात मानच होता, याविषयी हिराजींना शंका नाही. पण मर्जानबीने हात पुढे केला नाही.

तिची जीभ टाळूला चिकटली होती. घागरीतून येणारा वास तिच्या बालपणाचा होता: ओली साल, माती, सावली. एक घोट घेतला की अट पाळली जाणार होती आणि गावाची तहान भागणार होती. पण त्याच घोटाने ती कायमची बाहेरची ठरणार होती, आणि तेही स्वतःच्याच अटीने. किल्ल्यातली चाळीस वर्षे ती बाहेरचीच होती. तिथे निदान तिने ते स्वतःच्या तोंडाने कबूल केले नव्हते.

"पिते," ती म्हणाली. "पण आधी एक सांगा, पाटील. मी बाहेरची, तर माझी झोपडी कुठल्या गावात आहे?"

एक मूल पाण्यासाठी रडू लागले. मागून कुणीतरी पुटपुटले, "आता हिला पालखी पाठवायची राहिली." ऊन वाढत होते. घागरीच्या अंगावर दव धरले होते, आणि धाकोजींचे हात अवघडले तरी घागर खाली ठेवावी कशी हे त्यांना उमगेना.

तेव्हा नागूबाई आपली रिकामी घागर आपटून पुढे आली.

"ही बाहेरची कशी रे, धाकोजी? चार वर्षं रोज भांडते मी हिच्याशी. बाहेरच्याशी कुणी भांडतं? बाहेरच्याशी माणूस गोड बोलतं!" तिने घागरीच्या तोंडावर आपला पंजा ठेवला. "ही आपली. बाहेरचा पायजे तर जा, शोधून आणा."

असे सांगतात की मर्जानबीने तेव्हा नागूबाईच्या पंज्यावर आपला हात ठेवला.

मग सारे गाव, कोरड्या घशाने, घागर घेऊन खिंडीच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. उन्हे कलली तेव्हा एक कासार बांगड्यांची पेटी घेऊन येताना दिसला. एवढा जमाव आपल्याकडे धावत येतो आहे, हे पाहून त्याने ओळखायचे ते ओळखले, पेटी टाकली आणि तो उलट्या वाटेने पळत सुटला. "अरे, थांब! पाणी पी!" असे ओरडत गाव त्याच्या मागे धावले. दोन शेतांपलीकडे त्याला गाठले तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "बांगड्या सगळ्या घ्या, पण मारू नका." त्याला घागर पाजली. तो प्याला, तोंड पुसले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "एवढंच?"

त्यानंतर गाव प्याले. मर्जानबी नागूबाईच्या तांब्यातून प्याली, आणि तांब्या घासलेला नाही म्हणून दोघींचे तिथेच भांडण झाले.

मर्जानबीचा उल्लेख कोणत्याही दप्तरात सापडलेला नाही. गोरखचिंच कोरून पाणी साठवण्याची रीत मात्र कल्पित नाही. सुदानच्या कोर्दोफान मुलखात ती नोंदलेली आहे. या किनाऱ्यावर ती कुणाला तरी ठाऊक होती, याची साक्ष हे झाड देते: पोकळीच्या आतल्या बाजूला वाकसाचे घाव आहेत आणि त्यांवर साल धरलेली आहे. झाडाच्या पूर्वेला एक बिनअक्षरांचा दगड आहे. गाव त्याला थडगे म्हणत नाही, हबशिणीचा दगडही म्हणत नाही. 'मर्जानबीचे घर' म्हणते.

पाहुण्यांपैकी कुणीतरी हटकून विचारतेच, की आता गावात नळ असेल ना?

"आहे की," हिराजी म्हणतात. "एक दिवसाआड येतो."

पण अक्षय्य तृतीयेला आजही सांगरवेळमध्ये झाडाचे झाकण उघडल्याखेरीज कुणी पाणी पीत नाही. पहिली घागर वर्षभरात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेपुढे धरतात. मग ती नाशिकची असो वा नागपूरची. "घे, तू बाहेरची," असे गाव म्हणते. सून हात मागे घेते आणि सासूकडे पाहते. त्या वर्षी घरात कितीही धुसफूस झालेली असो, सगळे त्या एका बाईची वाट पाहतात. सासू पुढे येते, घागरीच्या तोंडावर पंजा ठेवते आणि म्हणते, "ही आपली."

आणि मग सारे गाव, घागर घेऊन, एसटी अडवायला रस्त्याकडे निघते.